मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञावलीची परीक्षा : मिरचीच्या पथारीवरील एका उपकरणाच्या निमित्ताने

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विद्युत्-उपकरणांच्या अंतर्रचनेविषयी लिहावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी अनधिकार चेष्टेसारखी वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभीच निमित्त सांगणे इष्ट होईल. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. बाजारात आलेली ओली लाल मिरची व्यापारी विकत घेतात आणि शहरालगतच्या मोकळ्या मैदानांवर उन्हात पसरून वाळवितात. ह्या मैदानांना तेथे पथारी म्हणतात. हंगामात अवकाळी पाऊस आला किंवा नुसती हवा दमट झाली, तरी वाळत आलेला माल काळा पडतो, त्याला बुरशी धरते आणि व्यापाऱ्याचे भांडवल व मजुरांचा रोजगार दोन्ही बुडतात. काही वर्षांपूर्वी तेथील एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी पथारीवर ठेवण्यासाठी एक लहान उपकरण तयार केले. हवेचे तापमान, आर्द्रता व वाऱ्याचा वेग पडद्यावर मराठीत दाखवावा, आणि आर्द्रता शेकडा ६० च्या वर गेली की भोंगा वाजवावा, एवढेच त्याचे काम होते. पडद्यावरील मराठी अक्षरे नीट उमटत नव्हती, म्हणून त्यांनी प्रस्तुत लेखकाला बोलाविले. अक्षरांच्या निमित्ताने जे शिकावयास मिळाले, ते भाषेच्या अभ्यासकांसही उपयुक्त वाटल्यावरून पुढील विवेचन केले आहे.

१. सूक्ष्म यंत्र आणि त्याची आज्ञावली

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला लहानसा संगणक. आज्ञा पाळणारा प्रोसेसर, आज्ञा साठविण्याची स्मृती, चालू हिशेबाची स्मृती आणि बाहेरच्या जगाशी संबंध जोडणाऱ्या पिना, हे सर्व त्यात एकत्र असते. इंटेल कंपनीने १९८० साली बाजारात आणलेली ८०५१ ही चिप अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तिच्यात आज्ञांसाठी ४०९६ बाइट व हिशेबासाठी अवघे १२८ बाइट एवढी स्मृती होती. आमच्या उपकरणात पिक-१६-एफ-८७७-ए ही मायक्रोचिप कंपनीची चिप होती. तिला ४० पिना असतात, आज्ञांसाठी ८१९२ घरे असतात आणि चालू हिशेबासाठी ३६८ बाइट मिळतात. बाइट म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतचा कोणताही एक पूर्णांक मावेल एवढी जागा. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सांगावयाच्या दोषाचे मूळ त्यातच आहे.

टेबलावरील संगणकात काही बिघडले, तर तो निदान पडद्यावर तक्रार तरी करतो. मायक्रोकंट्रोलर मुका असतो. त्याची आज्ञावली चुकली, तर दिवा लागत नाही, मोटर फिरत नाही, अथवा पडद्यावर भलतेच काही उमटते. आत कोठे काय घडले ह्याची कसलीही खूण बाहेर दिसत नाही. अशा मुक्या साक्षीदाराकडून हकीकत कशी काढून घ्यावयाची, हा ह्या विषयातील मुख्य प्रश्न होय.

२. ‘बग’ आणि त्याच्या शोधाच्या जुन्या रीती

यंत्रातील दोषाला ‘बग’ अर्थात् किडा म्हणण्याची रीत संगणकाच्या जन्मापूर्वीची आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रात हा शब्द ह्याच अर्थाने आढळतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ ह्या संगणकाच्या एका रिलेत खरोखरीचा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. शब्दाचा उगम ह्या प्रसंगात आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु नोंद करणाऱ्यांना त्यातील विनोद कळला, तो शब्द आधीपासून प्रचारात होता म्हणूनच. लोकव्युत्पत्ती कशी जन्म घेते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या आणि पुढे १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेल्या संगणकाच्या काळापासून आज्ञावली लिहिणाऱ्या प्रत्येकाला ह्या किड्याशी झुंजावे लागले आहे.

मायक्रोकंट्रोलरच्या आरंभीच्या काळात दोष शोधण्याची रीत कष्टाची होती. आज्ञावली चिपमध्ये भरावी, चिप मंडलात बसवावी, काय होते ते पाहावे, चुकल्यास चिप काढून तिच्या काचेच्या खिडकीवर अतिनील किरण सोडावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी जुना मजकूर पुसला गेला की दुरुस्त आज्ञावली पुन्हा भरावी. एका स्वल्पविरामासाठी संपूर्ण ग्रंथ पुन्हा छापावा, तसाच हा प्रकार. श्रीमंत प्रयोगशाळांत एम्युलेटर नावाचे यंत्र असे. इंटेलने १९७५ च्या सुमारास ते प्रचारात आणले. त्यात खरी चिप काढून टाकून तिच्या जागी एक जाड केबल बसवीत आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेले मोठे यंत्र त्या चिपचे सोंग घेई. सोंग हुबेहूब असले तरी महाग असे, आणि प्रत्येक जातीच्या चिपसाठी निराळे लागे.

गरिबाची रीत म्हणजे आज्ञावलीतच जागोजागी खुणा पेरणे: अमुक ठिकाणी पोहोचलास की दिवा लाव, तमुक ठिकाणी हिशेबाचा आकडा तारेवरून संगणकाकडे पाठव. ही रीत आजही चालते आणि पुष्कळदा पुरते. परंतु तिच्यात एक अडचण आहे. नेहमीच्या ९६०० बॉडच्या वेगाने एक अक्षर पाठवावयास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. आज्ञावलीचे काम जर मायक्रोसेकंदांत चालत असेल, तर विचारपूस करण्यातच तिची लय बिघडते आणि मूळ दोष झाकला तरी जातो किंवा नवा उत्पन्न तरी होतो. ह्यासाठी निराळ्या साधनाची गरज होती.

३. मंडलातच राहून परीक्षा

ते साधन म्हणजे इन-सर्किट डीबगर. ‘इन-सर्किट’ म्हणजे चिप आपल्या मंडलात, आपल्या जागी, आपले खरे काम करीत असताना. येथे सोंग घेणारे दुसरे यंत्र नसते. चिपच्या उत्पादकानेच तिच्या पोटात एक लहानसे निरीक्षण-मंडल घडविलेले असते आणि त्याच्याशी बोलण्यासाठी काही पिना राखून ठेवलेल्या असतात. पिक-१६-एफ-८७७-ए मध्ये ह्या कामी पाच जोडण्या लागतात: वीजपुरवठा, भूमी, चिप पुन्हा आरंभास नेणारी रिसेटची पिन, आणि घड्याळ व माहिती ह्यांच्या दोन पिना. दुसऱ्या टोकाला तळहाताएवढी डबी असते, आणि ती यूएसबी केबलने संगणकाला जोडलेली असते. इतर चिपांत हेच काम निरनिराळ्या पिनांवरून चालते. पुष्कळ ठिकाणी ‘जेटॅग’ ह्या नावाने ओळखली जाणारी, १९९० साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली जोडणी वापरतात. आर्म जातीच्या चिपांत दोनच तारांची जोडणीही असते.

ह्या साधनाने तीन गोष्टी करता येतात. पहिली, थांबविणे. आज्ञावलीतील एखाद्या ओळीवर खूण करून ठेवली, म्हणजे निरीक्षण-मंडल चालू आज्ञेचा पत्ता त्या खुणेशी सतत ताडून पाहते आणि दोन्ही जुळताच चिप थांबविते. ह्या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात. दुसरी, पाहणे. चिप थांबलेली असताना तिच्या स्मृतीतील प्रत्येक घरात कोणता आकडा आहे, हे संगणकाच्या पडद्यावर वाचता येते. इतकेच नव्हे, तर तो बदलूनही पाहता येतो. तिसरी, पावलापावलाने चालविणे. एक आज्ञा पाळावयास लावावी, पुन्हा थांबवावे, काय बदलले ते पाहावे.

अर्थात् ह्या सोयीची किंमत चिपलाच मोजावी लागते. आमच्या चिपमध्ये डीबगर जोडलेला असताना दोन पिना अन्य कामाला मिळत नाहीत, आज्ञांच्या स्मृतीतील शेवटची २५६ घरे व हिशेबाच्या स्मृतीतील थोडे बाइट डीबगरच्या स्वतःच्या आज्ञावलीसाठी सोडावे लागतात, आणि परतीचे पत्ते ठेवण्याच्या आठ जागांपैकी एक त्याच्याकडे जाते. शिवाय एका वेळी एकच ब्रेकपॉइंट ठेवता येतो. त्यामुळे खूण कोठे करावी ह्याचा आधी विचार करावा लागतो. नव्या चिपांत अशा खुणा अधिक मिळतात. तथापि एकाच खुणेवर काम भागवावे लागले, तर प्रश्न नेमका विचारण्याची सवय लागते, असा आमचा अनुभव आहे.

४. पहिला दोष : ‘मिरची’ची ‘मरिची’

उपकरण चालू केले की पडद्यावर प्रथम ‘मिरची’ असे नाव यावयाचे होते. उमटत होते ते मात्र ‘मरिची’. विद्यार्थ्यांना वाटले, शब्द साठविताना चूक झाली असावी. खरे काय ते कळण्यासाठी अक्षरांचे आकडे पाहणे आवश्यक होते.

देवनागरीच्या संगणकीय संकेतांचा इतिहास थोडक्यात असा. भारतीय लिप्यांसाठी ठरविलेल्या संकेतांना ‘इस्की’ म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली त्यांचे मानक प्रसिद्ध केले, आणि पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने भारतीय लिप्यांना संगणकावर आणण्याचे मोठे कार्य केले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ सालच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. ह्या सर्व संकेतांचे एक मूलतत्त्व आहे: अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावयाची, लेखनाच्या क्रमाने नव्हे. युनिकोडच्या आकड्यांतून २३०४ वजा केले की प्रत्येक चिन्ह एका बाइटात मावते. तसे केले असता ‘मिरची’ हा शब्द ४६, ६३, ४८, २६, ६४ असा होतो. म्हणजे म, ऱ्हस्व वेलांटी, र, च, दीर्घ वेलांटी. ऱ्हस्व इकार म-नंतर उच्चारला जातो म्हणून तो म-नंतर साठविला आहे. लिहिताना मात्र त्याची काठी म-च्या डावीकडे येते.

अक्षर काढणाऱ्या आज्ञागटाच्या आरंभी ब्रेकपॉइंट ठेवला आणि प्रत्येक थांब्यावर दोनच आकडे पाहिले: कोणते चिन्ह आणि पडद्यावरील कोणता स्तंभ. पहिल्या थांब्यावर ४६ व स्तंभ ०. दुसऱ्या थांब्यावर ६३ व स्तंभ १६. एवढ्यानेच उलगडा झाला. साठवण बरोबर होती. चित्रण चुकत होते. आज्ञावली आकडे ज्या क्रमाने वाची त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे काढीत जाई, त्यामुळे वेलांटीची काठी म-च्या उजवीकडे उभी राहून तिचे वळण र-वर पडत होते. ‘स्पेलिंग’ एका ओळीत मांडणाऱ्या रोमन लिपीच्या कल्पनेने लिहिलेली ही आज्ञावली होती.

व्यंजन काढण्यापूर्वी पुढचे चिन्ह ६३ आहे काय ते पाहावे आणि असल्यास वेलांटी आधी काढावी, अशी दुरुस्ती विद्यार्थ्यांनी केली. ‘मिरची’ सुधारली, पण ‘स्थिती’ बिघडली. कारण तेथे वेलांटी केवळ थ-च्या नव्हे, तर स्थ ह्या संपूर्ण जोडाक्षराच्या आधी यावयास हवी. तेव्हा नियम व्यंजनापुरता नसून अक्षरापुरता आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. ‘आर्द्रता’ ह्या शब्दाने तर खरी परीक्षा घेतली. त्याचे आकडे ६, ४८, ७७, ३८, ७७, ४८, ३६, ६२ असे आहेत. ह्यात ४८ म्हणजे र आणि ७७ म्हणजे पाय मोडण्याची खूण, हे दोन्ही दोनदा आले आहेत. ४८ आधी व ७७ नंतर असल्यास रफार होतो आणि तो पुढील जोडाक्षराच्या डोक्यावर बसतो; ७७ आधी व ४८ नंतर असल्यास रकार होतो आणि तो मागील व्यंजनाच्या पायाशी जातो. आकडे तेच, क्रम उलटा, आणि जागा आकाश-पाताळाइतक्या भिन्न. मराठीने ह्यात आणखी एक भर घातली आहे. ‘वाऱ्याचा’ ह्या शब्दात र-चा रफार होत नाही. ‘सूर्याचा’ ह्यात होतो. ह्यासाठी युनिकोडमध्ये ऱ ह्या निराळ्या चिन्हाची सोय असून त्याचा आकडा आपल्या रीतीने ४९ येतो. विद्यार्थ्यांनी ४८ लिहिले होते, म्हणून पडद्यावर ‘वार्याचा वेग’ असे अमराठी रूप उमटत होते. हा दोष मात्र आज्ञावलीचा नव्हता, शुद्धलेखनाचा होता.

येथे कोणी विचारील, की इतका खटाटोप करण्याऐवजी संपूर्ण शब्दांची तयार चित्रेच का साठविली नाहीत? तसेही करता आले असते. परंतु मग शब्द बदलावयाचा झाल्यास दरवेळी नवे चित्र काढावे लागले असते. अक्षरांच्या मार्गाने गेल्याचा लाभ पुढे दिसून आला.

५. दुसरा दोष : न वाजणारा भोंगा

अक्षरे सुधारली आणि उपकरण हंगामात एका पथारीवर नेऊन ठेवले. आकाश ढगाळ होते. पडद्यावर तापमान २४.२ व आर्द्रता १३.८ असे आकडे आले. मिरची उलथीत असलेल्या एका वृद्ध मजूर बाईंनी मूठभर मिरची हातात घेऊन चुरगाळली आणि ती मोडत नाही, वाकते, हे विद्यार्थ्यांना दाखविले. हवेत ओल आहे, माल गोळा करून ताडपत्रीखाली घालावा, असे त्यांचे म्हणणे पडले. एक विद्यार्थी म्हणाला, “पण मावशी, मशीन तर हवा कोरडी दाखवतंय.” बाईंनी यंत्राकडे पाहिले आणि मिरची त्याच्या हातावर ठेवली. माल झाकला गेला. दुपारनंतर पावसाची सर आली.

लाज वाटण्यासारखाच प्रसंग होता. पण विद्यार्थ्यांनी डीबगरची डबी व संगणक बरोबर आणले होते आणि सर येण्यापूर्वी त्याच मैदानावर त्यांनी तपासणी सुरू केली. संवेदक डीएचटी-२२ ह्या जातीचा होता. तो आपले माप पाच बाइटांत सांगतो: दोन आर्द्रतेचे, दोन तापमानाचे, आणि पाचवा पडताळ्याचा, म्हणजे पहिल्या चारांच्या बेरजेचा. मापे दशांशासाठी दसपट करून पाठविलेली असतात. पाच बाइट घेऊन झाल्यानंतरच्या ओळीवर चिप थांबविली, तेव्हा स्मृतीत २, १३८, ०, २४२, १२६ असे आकडे होते. बेरीज ३८२ येते. त्यातून २५६ वजा केले असता १२६ उरतात. म्हणजे पडताळा जुळत होता आणि निरोप चुकीविना पोहोचला होता. आर्द्रता २ गुणिले २५६ अधिक १३८, म्हणजे ६५०, अर्थात् शेकडा ६५.० होती. आणखी काही पावले पुढे चालवून पाहता, आर्द्रता ठेवण्याच्या घरात ६५० नव्हते. केवळ १३८ होते.

कारण विचारता आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने दिलेले उत्तर सरळ होते. टक्के १०० च्या वर जात नाहीत, एका बाइटात २५५ पर्यंत मावतात, म्हणून आर्द्रतेला एकच बाइट ठेवला. तापमान ४० अंशांच्या वर जाते, म्हणून त्याला दोन ठेवले. माप दसपट होऊन येते, ही गोष्ट एका ठिकाणी ध्यानात राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी निसटली. एका बाइटात ६५० घातले की २५६ चे दोन पूर्ण गठ्ठे गळून पडतात आणि १३८ उरतात. म्हणजे पडद्यावर १३.८ दिसले, तरी खरी आर्द्रता १३.८, ३९.४, ६५.० किंवा ९०.६ ह्यांपैकी कोणतीही असू शकेल. नुसत्या पडद्यावरून ते कोणालाही सांगता आले नसते.

अधिक गंभीर गोष्ट पुढेच आहे. एका बाइटात २५५ च्या वर काही मावत नसल्याने उपकरणाच्या लेखी आर्द्रता २५.५ च्या वर कधीच जाणार नव्हती. भोंगा ६० ला वाजावयाचा होता. तो कधीही वाजला नसता. मग प्रयोगशाळेतील चाचणीत तो वाजला कसा? चाचणी एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या दुपारी झाली होती. हवेची आर्द्रता २५ च्या आतच होती, त्यामुळे आकडे बरोबर दिसले. आणि भोंगा वाजतो की नाही हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी ६० ची मर्यादा तात्पुरती २० वर आणली होती. उपकरण ज्या स्थितीसाठी बनविले होते, नेमक्या त्याच स्थितीत ते कधी तपासलेच गेले नव्हते. नंतर प्रयोगशाळेत संवेदकाजवळ ओले फडके धरून पाहिले, तेव्हा पडद्यावरील आकडा २५.५ पर्यंत चढला आणि एकदम शून्याच्या जवळ येऊन पुन्हा चढू लागला. दुरुस्ती एका बाइटाची होती.

पाचव्या बाइटाच्या पडताळ्याविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. तो जुळला म्हणून सर्व ठीक आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु पडताळा निरोपाच्या शब्दांची हमी देतो, अर्थाची नाही. पाठ बिनचूक म्हणून दाखविणाऱ्याला त्याचा अर्थ कळलाच असेल असे नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको.

६. डीबगरच्या मर्यादा

वरील वर्णनावरून हे साधन सर्वसमर्थ आहे असे वाटेल, तर तो गैरसमज होय. पहिली मर्यादा अशी, की डीबगर चिप थांबवितो, जग थांबवीत नाही. डीएचटी-२२ आपला प्रत्येक अंक नाडीच्या लांबीने सांगतो: सुमारे २६ ते २८ मायक्रोसेकंदांची नाडी म्हणजे ० आणि ७० मायक्रोसेकंदांची म्हणजे १. असे ४० अंक मिळून सारा निरोप काही मिलिसेकंदांत संपतो. हा निरोप घेत असताना चिप पावलापावलाने चालवू लागलो, तर पहिल्या पावलालाच संवेदकाचे बोलणे संपून जाते आणि चिप पुढच्या अंकाची व्यर्थ वाट पाहत बसते. आरंभी विद्यार्थ्यांनी तसेच केले आणि संवेदक बिघडला आहे असा निष्कर्ष काढला. खूण निरोप चालू असताना नव्हे, निरोप संपल्यावर करावयाची असते. मोटर किंवा तापक जोडलेला असल्यास तर अधिकच सावधगिरी हवी. चिप थांबली तरी तापक तापतच राहतो.

दुसरी मर्यादा, परीक्षेतील यंत्र आणि कामावरील यंत्र अगदी एक नसते. आमच्या चिपमध्ये वॉचडॉग नावाची राखणदार सोय आहे. आज्ञावली अडकून पडली तर ती चिप पुन्हा आरंभास नेते. डीबगर जोडताना ही सोय बंद ठेवावी लागते. त्यामुळे डीबगरसह उत्तम चालणारी आज्ञावली एकटी सोडल्यावर दर थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा आरंभास जाताना आढळते. म्हणून शेवटची चाचणी डीबगर काढूनच करावी, हा नियम आहे. बोलीचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण परिचित आहे. लॅबॉव्ह ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली तिला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले: लोक निरीक्षणाखाली नसताना कसे बोलतात हे आपल्याला हवे असते, आणि ते मिळविण्यासाठी निरीक्षणच करावे लागते. ध्वनिमुद्रक समोर ठेवला की भिली किंवा अहिराणी बोलणारा माणूस शाळेतील मराठीकडे झुकतो, हे आम्ही नंदुरबार जिल्ह्यात अनेकदा अनुभविले आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. डीबगर आज्ञावली काय करते ते दाखवितो. तिने काय करावयास हवे होते ते त्याला ठाऊक नसते. म्हणून ‘दोषशोधक’ हा मराठी पर्याय आकर्षक असला तरी यथार्थ नाही. दोष माणूस शोधतो, आणि तोही मनात काही अपेक्षा धरून. १३.८ हा आकडा चुकीचा आहे, ही शंका घेणारे डोळे त्या दिवशी डीबगरजवळ नव्हते. मिरची चुरगाळून पाहणाऱ्या हातांजवळ ती शंका होती. ती मिळाल्यावर मग डीबगरने आपले काम मिनिटांत केले.

७. उपसंहार

आज्ञावलीची परीक्षा घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ह्या अनुभवातून तीन गोष्टी सांगता येतील. थांबण्यापूर्वी प्रश्न ठरवावा, म्हणजे एकच खूण पुरते. ज्या स्थितीसाठी उपकरण आहे ती स्थिती, फडके ओले करून का होईना, प्रयोगशाळेत निर्माण करावी. मर्यादा खाली ओढून ती भागवू नये. आणि ज्यांच्यासाठी उपकरण आहे, त्यांना त्याच्या आकड्यांवर शंका घेऊ द्यावी.

शेवटची दुरुस्ती डीबगरने दाखविलेली नाही. ‘आर्द्रता’ हा शब्द रफार-रकारासह निर्दोष उमटू लागल्यावर तो पथारीवरील बायांना दाखविला. ज्यांना अक्षरओळख होती त्यांनी तो अडखळत वाचला आणि अर्थ विचारला. अर्थ सांगताच त्यांतील एक जण म्हणाली, की मग सरळ ‘ओलावा’ का लिहीत नाही? विद्यार्थ्यांनी त्याच सायंकाळी आठ आकड्यांच्या जागी पाच आकडे घातले. नवा शब्द पडद्यावर पहिल्याच खेपेस बरोबर उमटला, आणि तो कोणीही समजावून सांगावा लागला नाही.